गावातील वृद्ध आणि त्यांचे करणारे घरचे लोक: मदतीचे काम कसे उभे करावे

आपल्या गावातील वृद्धांसाठी आणि त्यांचे करणाऱ्या कुटुंबीयांसाठी काही करावे असे ज्यांना नुकतेच वाटू लागले आहे, पण सुरुवात कोठून करावी हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2030 पर्यंत जगातील दर सहा माणसांपैकी एक जण 60 वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, आणि संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे ‘निरोगी वार्धक्याचे दशक’ म्हणून घोषित केले आहे. ग्रामीण भागात या आकड्याचा भार अधिक जाणवतो. तरुण मंडळी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडतात, दवाखाना लांब असतो, घरे विखुरलेली असतात, आणि 85 वर्षांच्या आईचे सगळे करणारी मुलगी स्वतःच साठीला आलेली असते.

बहुतेक उपक्रम वृद्धांची तपासणी, वृद्धांचा मेळावा, वृद्धांना चष्मे अशा दिशेने सुरू होतात. त्यांचा उपयोग आहेच, परंतु माझे ठाम मत असे आहे की खेड्यात कामाची आखणी घरात करणाऱ्या त्या एका व्यक्तीपासून व्हावी. आठवड्याचे तास 168 असतात. परिचारिका आठवड्यातून एकदा तासभर येऊन गेली, तरी उरलेले 167 तास घरचीच माणसे निभावतात, आणि ती व्यक्ती खचली की वृद्धाची औषधे, अंघोळ, जेवण आणि झोप हे सगळे त्याच आठवड्यात कोलमडते.

पहिली पायरी: काहीही जाहीर करण्याआधी घरे फिरा

नाव, फलक, उद्घाटन यांपैकी काहीही करण्यापूर्वी दोघा-तिघांनी मिळून वस्तीनिहाय यादी करावी. ज्यांच्या घरी वृद्ध आहेत, ज्यांच्या घरी वृद्ध एकटेच राहतात, आणि ज्या घरी एक वृद्ध दुसऱ्या वृद्धाचे करतो, अशा तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. तिसऱ्या प्रकारच्या घरांकडे आधी जावे, कारण तेथे एकाला ताप आला तरी दोघांचे हाल होतात.

भेटीत प्रश्नावली हातात धरून बसू नये. ‘काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय झाले ते सांगा’ एवढेच विचारावे आणि ऐकता ऐकता मनात दोन याद्या ताडून पाहाव्यात. पहिली यादी रोजच्या देहकर्मांची, अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडलेली: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणे. दुसरी यादी स्वतंत्रपणे राहण्यासाठी लागणाऱ्या कामांची, लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी 1969 मध्ये दिलेली: फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार. दुसऱ्या यादीतील कामे साधारणपणे आधी सुटत जातात. औषधे आणि पैसे यांत गोंधळ होऊ लागला असेल, तर माणूस चालता-बोलता दिसला तरी आधाराची गरज सुरू झाली आहे असे समजावे.

प्रत्येक घरी दोन माणसांना वेगवेगळे भेटणे आवश्यक आहे. एका घरी मी तासभर बसले होते. सासूबाई खाटेवर, सून दाराच्या चौकटीला टेकून उभी. प्रत्येक प्रश्नाला सुनेचे उत्तर ‘सगळं ठीक आहे’ असेच. निघताना ती मला सोडायला फाटकापर्यंत आली, फाटकाची कडी हातात धरून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘रात्री चारदा उठवतात. दोन वर्षं झाली, मी सलग झोपलेली नाही.’ तासभराच्या भेटीत कळले नाही ते त्या दोन मिनिटांत कळले. म्हणून भेटीची वेळ ठरवताना फाटकापाशी घालवायची दहा मिनिटे आधीच हिशोबात धरावीत आणि तेथे घाई करू नये.

दुसरी पायरी: सांभाळणाऱ्या व्यक्तीची स्वतंत्र नोंद ठेवा

वृद्धाच्या नावाने वही उघडताना सांभाळणाऱ्या व्यक्तीचेही वेगळे पान उघडावे. सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो ते मोजणारी, संशोधक स्टीव्हन झरिट यांच्या नावाने ओळखली जाणारी 22 प्रश्नांची मोजपट्टी आणि तिचे 12 प्रश्नांचे लहान रूप या कामासाठी जगभर वापरले जाते. नवख्या गटाने सुरुवातीला चार गोष्टी विचारल्या तरी पुरेसे आहे. रात्री किती वेळा उठावे लागते? स्वतःच्या कामासाठी घराबाहेर शेवटचे केव्हा पडलात? स्वतःची औषधे वेळेवर घेता का? आणि तुम्ही चार दिवस आजारी पडलात, तर यांचे कोण करील? चौथ्या प्रश्नावर शांतता पसरली, तर त्या घराच्या नावापुढे खूण करावी.

संताप, हात उगारला जाणे, ‘एकदाचे सुटावे’ असे वाटणे हे कोणी बोलून दाखवले, तर धक्का बसल्याचे चेहऱ्यावर दाखवू नये. असे बोलणारी व्यक्ती मदत मागत असते. त्याच वेळी हेही विसरू नये की जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 60 वर्षांवरील दर सहा जणांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची वाईट वागणूक सोसावी लागते, आणि त्यात पैसे काढून घेणे व दुर्लक्ष करणे हेही येते. वृद्धाच्या अंगावर न पटणारे वळ दिसले, तो घरच्यांसमोर बोलायला घाबरत असेल किंवा त्याला कोंडून ठेवले जात असेल, तर प्रकरण गटापुरते न ठेवता आरोग्यसेवेच्या आणि कायद्याच्या संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत न्यावे.

तिसरी पायरी: लहान गट, ठरलेले तास आणि बंद तोंड

पाच-सहा जणांचा गट पुरतो. सेवाभावी माणसांना तयार करण्याचे उत्तम उदाहरण केरळमध्ये आहे. तेथे 1993 मध्ये कालिकत येथे वेदनाशमन आणि उपशामक सेवेचे (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचे) काम सुरू झाले आणि पुढे त्यातून वस्तीवस्तीतील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य माणसांना सुमारे 16 तासांचे शिक्षण आणि चार दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव देऊन रुग्णांच्या घरी पाठवले गेले, आणि 2008 मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दोन तासांची मर्यादा. जो माणूस पहिल्या महिन्यात रोज चार तास देतो, तो तिसऱ्या महिन्यात दिसेनासा होतो, आणि त्याच्यावर विसंबलेले घर पुन्हा एकटे पडते.

खेड्यात सगळे एकमेकांना ओळखतात. ही जशी ताकद आहे, तशी अडचणही आहे. एका घरातील अंथरूण ओले होण्याची गोष्ट दुसऱ्या घरी पोचली, तर तिसरे घर दार उघडत नाही. गटात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगावे, आणि जो ते पाळणार नाही त्याला घरभेटीपासून दूर ठेवावे, मग तो कितीही उत्साही असो. नोंदवहीतही आडनावाऐवजी क्रमांक वापरावा.

चौथी पायरी: हक्काची सुट्टी

या साऱ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते.

आपण सगळेच म्हणतो, ‘काही लागलं तर सांगा हं.’ म्हणणाऱ्याच्या मनात काही खोटे नसते, पण कोणीही कधी सांगत नाही. मागण्याचे ओझे पुन्हा थकलेल्या माणसाच्याच डोक्यावर पडते, आणि ‘आपल्या माणसाचे करायला दुसऱ्याला बोलवायचे कसे’ हा संकोच त्याहून मोठा असतो. त्यामुळे गटाने मागणीची वाट पाहू नये. ‘दर बुधवारी दुपारी दोन ते पाच आम्ही दोघी येऊ’ असे वार, वेळ आणि माणसे यांसह सांगावे आणि कमीत कमी तीन महिने ते मोडू नये. अनियमित दिवसभरापेक्षा नेमाने मिळणारे तीन तास अधिक मोलाचे ठरतात, कारण त्यांच्या भरवशावर दाताच्या डॉक्टरची वेळ घेता येते.

पहिल्या दोन भेटींत सांभाळणाऱ्या व्यक्तीने घरीच थांबावे आणि आपण तिच्या हाताखाली काम करावे. कोणत्या कुशीवर त्रास होतो, पाणी पेल्याने द्यायचे की चमच्याने, कोणत्या शब्दावर आजोबा चिडतात, लघवी लागली की ते कशी चुळबुळ करतात, हे तिलाच ठाऊक असते. ते एका कागदावर तिच्याच शब्दांत लिहून भिंतीला लावावे. तिसऱ्या भेटीत तिने अर्ध्या तासासाठी बाहेर पडावे आणि चौथ्या भेटीपासून पूर्ण वेळ. ही सावकाशी मुख्यतः स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी हवी. अनोळखी चेहरा अचानक समोर आला तर ते बिथरतात, आणि मग घरचे पुन्हा कोणाला येऊ देत नाहीत.

मोकळ्या वेळात तिने काय करावे, हे आपण ठरवू नये. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जणी शेजारच्या खोलीत नुसत्या झोपतात, काही जणी साचलेले घरकाम उरकतात. त्यावर ‘अहो, जरा बाहेर फिरून या की’ असा आग्रह धरणाऱ्यांना मी गटात अनेकदा थांबवले आहे. ती झोपली म्हणजे आपल्यावर विश्वास टाकला, एवढे आपल्याला पुरे असावे.

आपल्या वेळेत औषध देण्याची जबाबदारी घ्यायची की नाही, हे आधीच लेखी ठरवावे. माझा सल्ला असा की नवख्या गटाने इंजेक्शन, नळीतून अन्न देणे आणि जखमेवर पट्टी बांधणे यांना हात लावू नये.

पाचवी पायरी: अंगमेहनतीची कामे शिकून घ्या आणि शिकवा

सांभाळणाऱ्यांची पाठ जाते ती चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होतात त्या एकाच जागी दाब पडत राहिल्यामुळे. परिचारिकेला किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाला (फिजिओथेरपिस्टला) अर्ध्या दिवसासाठी बोलावून हे प्रात्यक्षिक सर्वांसमोर करून घ्यावे.

कुशीवर वळवण्याची रीत अशी आहे. ज्या बाजूला वळवायचे त्याच बाजूला आपण उभे राहावे. वृद्धाला आधी सांगावे, ‘आता तुम्हाला माझ्याकडे वळवते.’ पलीकडचा गुडघा दुमडून पाय अंथरुणावर टेकवावा, पलीकडचा हात छातीवर आडवा घ्यावा. मग आपला एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा पलीकडच्या कमरेमागे ठेवून, कंबरेत न वाकता गुडघे किंचित वाकवून, आपल्याकडे ओढून घ्यावे. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवावी की टाचा अधांतरी राहतील. उशाकडे सरकवायचे असेल, तर काखेत हात घालून कधीही ओढू नये. खांद्याला इजा होते आणि पाठीची कातडी घासली जाते. कमरेखाली दुहेरी घडी केलेली चादर कायम अंथरून ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावे.

स्वतः हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असे पूर्वापार शिकवले जाते. गादी चांगली असेल तर रात्रीचे अंतर वाढवता येईल का, हे परिचारिकेला विचारून ठरवावे, कारण रात्रभर दर दोन तासांनी उठणारी व्यक्ती फार काळ टिकत नाही. रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, कमरेची हाडे, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू पाहावी. लालसर जागी बोट दाबून उचलल्यावर ती क्षणभर फिकी पडली तर ठीक. लालीत फरक पडला नाही, तर जखमेची ती सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळसर लागते का, हे हाताने पाहावे. अशा जागी चोळू नये आणि मधे भोक असलेली गोल उशीही वापरू नये. तिच्या कडांवरच दाब वाढतो.

भरवताना माणूस शक्य तितका ताठ बसलेला असावा, हनुवटी किंचित खाली असावी, आणि जेवणानंतर अर्धा तास त्याला आडवे करू नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा होत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

सहावी पायरी: पडणे टाळा

म्हातारपणी एकदा पडल्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते आणि त्यानंतर महिनोन्महिने अंथरूण धरावे लागू शकते. रात्री दिवे बंद करून, वृद्ध ज्या वाटेने शौचालयापर्यंत जातात त्या वाटेने आपण स्वतः चालून पाहावे. निसटती सतरंजी, उंच उंबरठा, ओली फरशी, हाताला काहीच न लागणारा कोपरा या गोष्टी दिवसा दिसत नाहीत. शौचालयात हाताला आधार देणारा दांडा आणि वाटेवर एक मंद दिवा एवढ्याने बरेच काम होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक पुस्तिकेतील चाचणी घरी करता येते: हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसणे 14 सेकंदांत जमते का, ते पाहावे. शेजारी एक जण आधाराला उभा असावा. जमत नसेल, तर पायांच्या ताकदीसाठी व्यायाम हवा. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या घरगुती व्यायामक्रमामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. त्यात पायांची ताकद, तोल आणि चालणे यांवर भर आहे. त्याच भेटीत गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न न करता तीन किलोपेक्षा अधिक वजन घटले आहे का, हेही विचारून घ्यावे.

औषधांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. घरातील सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या, अगदी शेजाऱ्याने दिलेली मलमेसुद्धा एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवावीत. एकाच औषधाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या रोज घेतल्या जात असल्याचे अशा वेळी उघडकीस येते. झोपेच्या गोळ्या आणि उभे राहताच रक्तदाब खाली आणणारी औषधे ही पडण्यामागची मोठी कारणे असतात. मात्र गटातील कोणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करायला सांगू नये.

सातवी पायरी: अंतराचा हिशोब आधीच मांडा

शहरात जे ‘लवकर दवाखान्यात न्या’ एवढ्याने भागते, ते गावात भागत नाही. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचे स्कॅन करावेच लागते. म्हणजे जवळचा दवाखाना गाठून तेथे दोन तास घालवण्यापेक्षा स्कॅन आणि हे उपचार दोन्ही जेथे आहेत ते रुग्णालय कोणते, तेथे दिवसा किती वेळ लागतो आणि पावसात कोणता रस्ता बंद होतो, हे गटाने आजच शोधून ठेवावे. माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ लिहून सोबत न्यावी.

काल चांगले असलेले आजोबा आज एकाएकी बरळू लागले, दिवस-रात्रीचे भान सुटले किंवा ते गुंगीत गेले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, नवे औषध अशी उपचार होण्याजोगी कारणे त्यामागे असतात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे गरजेचे असते.

प्रत्येक घराच्या दाराआड एक कागद चिकटवावा. त्यावर आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे फोन आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे ते मोठ्या अक्षरांत लिहावे. फोनला जेथे रेंज मिळते ती जागाही लिहावी. वळवण्याच्या रीतीइतकाच या कागदाने मला वेळोवेळी हात दिला आहे.

आठवी पायरी: साधने आणि पैसा

खाट, कमोडची खुर्ची, वॉकर, पाण्याची किंवा हवेची गादी या वस्तू गावाने सामाईक घेऊन उसन्या द्याव्यात. वहीत दिल्याची तारीख असावी, परतीची तारीख नसावी. जमा-खर्च दर महिन्याला सर्वांसमोर वाचावा आणि पैसे एकाच माणसाच्या हाती ठेवू नयेत. सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारा एक लिहिता-वाचता तरुण गटात असला, तर रोख मदतीपेक्षाही त्याचा उपयोग अधिक होतो.

नववी पायरी: गेल्यानंतरही जात राहा

वृद्ध व्यक्ती गेली की घरभेटी थांबतात. नेमक्या याच वेळी सांभाळणाऱ्या व्यक्तीचा सगळा दिनक्रम एका दिवसात नाहीसा झालेला असतो. रात्री दोन वाजता तिला अजूनही जाग येते, कोणी हाक मारली असे वाटते, आणि ‘मी त्या दिवशी चिडले होते’ हे एकच वाक्य मनात घोळत राहते. गटाने पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि पुढे तीन महिन्यांनी, तिच्यासाठी म्हणून जावे. झोप, जेवण आणि स्वतःच्या राहून गेलेल्या तपासण्या यांची विचारपूस करावी. उसनी दिलेली खाट पहिल्या भेटीत मागू नये. एक दिवस ती स्वतःच म्हणेल, ‘आता ही दुसऱ्या कोणाला द्या.’ त्या दिवशी खाट उचलायला दोघांनी जावे आणि निघण्याआधी तिच्याजवळ थोडा वेळ बसावे.